थोरला आधी की धाकटा?

चिपच्या पोटात : भाग चौदावा

भोसरीतल्या एका कारखान्याच्या पॅनेल रूममध्ये मी उभी होते. मीटरच्या काचेवर लाल आकड्यांत २३०.२ व्होल्ट दिसत होते आणि ते आकडे वाचायला मी बनवलेल्या डब्याच्या स्क्रीनवर ०.००. बघता बघता मीटरवरचा आकडा २३०.३ झाला. माझ्या स्क्रीनवर उमटलं १०७६१७०७२. दहा कोटी शहात्तर लाख व्होल्ट! मीटर परत २३०.२ वर आलं, स्क्रीन परत शून्यावर. मागे उभे असलेले वायरमन काका बराच वेळ हा खेळ बघत होते. म्हणाले, "मॅडम, याचं बिल कुणाच्या नावावर फाडायचं?"

अशा वेळी पहिला संशय तारेवर जातो. मीही ए आणि बी या तारा उलटसुलट लावून पाहिल्या, बॉड रेट तपासला, टर्मिनलचे स्क्रू आवळले. पण तारेचा दोष इतका नेमाने येत नाही. मीटर आणि डबा मॉडबस नावाच्या ठरलेल्या रीतीने बोलत होते. त्यांच्या प्रत्येक निरोपाच्या शेवटी सीआरसी नावाची दोन बाइटांची खूण असते. वाटेत एक बिट जरी बदलला तरी ती जुळत नाही आणि माझा कोड तो निरोप सरळ फेकून देतो. इथे खूण दर वेळी जुळत होती. म्हणजे मीटरने पाठवलेले चारही बाइट माझ्यापर्यंत धडधाकट पोचत होते. मी ते भलत्या क्रमाने मांडत होते, एवढंच.

मागच्या भागात आपण एक बाइट तारेवरून कसा जातो ते पाहिलं. एका बाइटला क्रमाचा प्रश्नच नसतो; भानगड सुरू होते दुसऱ्या बाइटपासून. एका बाइटमध्ये ० ते २५५ एवढंच मावतं. त्यापुढची संख्या दोन, चार किंवा आठ बाइटांत वाटून ठेवावी लागते. हेक्समधली १२३४५६७८ ही संख्या घ्या. तिचे चार बाइट होतात : १२, ३४, ५६, ७८. यातला १२ सगळ्यांत वजनदार, त्याला थोरला म्हणू. ७८ सगळ्यांत हलका, तो धाकटा. मेमरीत एकापुढे एक चार पत्ते मोकळे आहेत. पहिल्या पत्त्यावर कोण राहणार? थोरला राहिला तर ते यंत्र बिग-एंडियन, धाकटा राहिला तर लिटल-एंडियन. बाइटांच्या या क्रमाला बाइट ऑर्डर म्हणतात.

हा घोळ मराठी माणसाला मुद्दाम समजावून सांगायला नको. २५ लिहिताना आपण दोन आधी लिहितो आणि बोलताना पंचवीस म्हणतो, म्हणजे पाच आधी. हात बिग-एंडियन, जीभ लिटल-एंडियन. मोठी संख्या आली की गंमत वाढते. १२३४ वाचताना आपण हजार सांगतो, मग दोनशे, आणि मग चौतीस म्हणताना चार आधी आणि तीस नंतर. कानावर आकडे पडतात ते १, २, ४, ३ या क्रमाने. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात बावीसऐवजी 'वीस दोन' असं वाचायची रीत आली, तेव्हा केवढा गदारोळ झाला होता ते आठवत असेल. बालभारतीच्या गणित समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर यांचं म्हणणं होतं की मुलांना जोडाक्षरं कमी लागतील आणि लिहिण्याचा व बोलण्याचा क्रम एक होईल. विधानसभेतही त्यावरून टोलेबाजी झाली. बाजू कोणतीही घ्या, भांडण बाइट ऑर्डरचंच होतं.

संगणकवाल्यांचं भांडण चाळीसहून अधिक वर्षं जुनं आहे. १ एप्रिल १९८० रोजी डॅनी कोहेन यांनी 'ऑन होली वॉर्स अँड अ प्ली फॉर पीस' असं टिपण लिहिलं. तारखेवरूनच कळेल की गृहस्थ मिस्कील होते. 'गलिव्हर्स ट्रॅव्हल्स'मध्ये उकडलेलं अंडं कोणत्या टोकाकडून फोडावं यावरून दोन पंथ एकमेकांच्या जिवावर उठतात. त्या पंथांची नावं कोहेन यांनी बाइटांच्या पंथांना दिली आणि ती चिकटली. त्यांचा मुद्दा मात्र गंभीर होता : कोणतं टोक हे महत्त्वाचं नाही, सगळ्यांनी एकच धरणं महत्त्वाचं. इंटरनेटने पुढे थोरला आधी हा क्रम धरला. बाकीच्या जगाने मनावर घेतलं नाही.

धाकट्याला आधी बसवायची बुद्धी कुणाला का झाली असेल, हा प्रश्न रास्त आहे, आणि उत्तर आपल्याला दुसरीपासून ठाऊक आहे : हातचा. बेरीज एककाकडून करावी लागते, कारण हातचा डावीकडे जातो. टेक्सासमधल्या एका कंपनीच्या डेटापॉइंट २२०० या यंत्रात मेमरी शिफ्ट रजिस्टरची होती. बिट एकामागून एक, रांगेत बाहेर यायचे. थोरला आधी बाहेर आला असता तर धाकटा येईपर्यंत बेरीज खोळंबली असती. म्हणून धाकटा पुढे. त्या यंत्रासाठी आखलेली सूचनावली घेऊन इंटेलने १९७२ मध्ये ८००८ काढला. पुढे ८०८०, ८०८५, ८०८६ आणि आजचे बहुतेक लॅपटॉप, सगळ्यांनी तोच वारसा चालवला. शिफ्ट रजिस्टर कधीच भंगारात गेलं, त्याची सवय मागे राहिली. दुसरीकडे आयबीएमच्या मोठ्या यंत्रांनी आणि मोटोरोलाच्या ६८००० ने थोरल्याला मान दिला. पीडीपी-११ या यंत्राचं मराठी अंकवाचनासारखं : १६ बिटांच्या आत धाकटा आधी, पण ३२ बिटांच्या संख्येत थोरली जोडी आधी. म्हणजे १२३४५६७८ मेमरीत ३४ १२ ७८ ५६ अशी. चौतीस म्हणणाऱ्यांनी त्याला हसू नये.

डिप्लोमाला इलेक्ट्रॉनिक्स घेतलेल्यांनी ८०८५ च्या किटवर हे बोटांनी अनुभवलेलं आहे. एच-एल जोडीत २०५० भरायचं असेल तर कीपॅडवर २१, मग ५०, मग २० दाबायचं. पहिल्या प्रॅक्टिकलला निम्मा वर्ग २१ २० ५० दाबतो आणि उत्तर का येत नाही म्हणून किटला दोष देतो. सर येतात, बघतात, काही न बोलता दोन आकडे बदलून जातात. बाइट ऑर्डर हा शब्दही न ऐकता आम्ही ती शिकलो.

८०५१ ची गोष्ट त्याहून मजेदार. आठ बिटांचा चिप. दोन बाइटांची संख्या मेमरीत कशी ठेवायची हे तो जवळजवळ कंपायलरवर सोडतो. काइलचा सी-५१ कंपायलर थोरला आधी ठेवतो, एसडीसीसी हा फुकट मिळणारा कंपायलर धाकटा आधी. चिप तोच, सी कोड तोच, आणि कंपायलर बदलला की इईप्रॉममध्ये जपून ठेवलेली सेटिंग्ज उलटी वाचली जातात. यंत्र बिग आहे की लिटल, असं आपण सर्रास विचारतो. इथे त्या प्रश्नाला उत्तरच नाही.

आणि माझं म्हणणं असं की तो प्रश्न विचारूच नये.

बहुतेक फर्मवेअरमध्ये मी एक ठरावीक नमुना बघते. सुरुवातीला एक खूण व्याख्येत लिहिलेली असते, आमचं यंत्र लिटल. पुढे जागोजागी अट : यंत्र लिटल असेल तर बाइट उलटव, बिग असेल तर राहू दे. म्हणजे प्रत्येक कोडाच्या दोन प्रती, आणि त्यातली एक कधीच चालवून न पाहिलेली, कारण बिग-एंडियन बोर्ड कुणाच्या टेबलावर नसतो. रॉब पाइक यांनी २०१२ मध्ये यावर एक छोटा, चिडका लेख लिहिला होता. त्याचा गाभा असा : यंत्राच्या क्रमाशी तुमचा काही संबंध नाही, तारेवरून येणाऱ्या बाइटांच्या क्रमाशी आहे. कॉर्टेक्स-एम, ईएसपी३२, रिस्क-व्ही, आज हाताशी येणारं जवळपास सगळं लिटल आहे हे खरं. पण युरोपीय उपग्रहांवरचे लिऑन प्रोसेसर बिग आहेत, गाड्यांच्या सुरक्षेसाठी वापरले जाणारे टीएमएस५७० बिग आहेत. आणि यंत्रं सगळी एका पंथाची झाली तरी तारा व्हायच्या नाहीत. टीसीपी-आयपी थोरला आधी पाठवतं, यूएसबी आणि ब्लूटूथ लो एनर्जी धाकटा आधी. ट्रकमधल्या जे-१९३९ मध्ये धाकटा आधी आणि कारच्या ओबीडीत इंजिनाचे फेरे सांगताना थोरला आधी.

मग करायचं काय? तारेवर थोरला आधी येत असेल तर पहिला बाइट घ्या, २४ बिट डावीकडे सरकवा. दुसरा १६ बिट, तिसरा ८ बिट, चौथा जागच्या जागी. चौघांना ऑर करून एकत्र जोडा. धाकटा आधी येत असेल तर हेच उलट : पहिला जागच्या जागी, चौथा २४ बिट. झालं. या गणितात आपलं यंत्र कोणत्या पंथाचं हे कुठेच आलं नाही, कारण आठ बिट डावीकडे सरकवणं म्हणजे २५६ ने गुणणं, आणि गुणाकार सगळ्या यंत्रांवर सारखाच असतो. पाठवताना याच्या उलट पायऱ्या. अशी चार-सहा छोटी फंक्शन्स एका फाइलीत ठेवायची आणि नावातच क्रम सांगायचा : 'वाच ३२ थोरला-आधी', 'लिही १६ धाकटा-आधी'. बाइट घराबाहेर असतात तोवर त्यांना क्रम असतो. उंबरठा ओलांडून आत आले की ती नुसती संख्या. आतल्या कोडाने तिच्या बाइटांची चौकशी करायची नाही.

यावर हटकून येणारी तक्रार म्हणजे वेळ. तीन शिफ्ट, तीन ऑर, छोट्या चिपला परवडतील का? मॉडबस ९६०० बॉडवर चालतं तेव्हा एक बाइट यायला एक मिलिसेकंदाहून थोडा जास्त वेळ लागतो. तेवढ्यात ४८ मेगाहर्ट्झचा चिप पन्नास हजार ठोके मोजतो. सातआठ सूचनांचं दुःख कशाला? शिवाय जीसीसी आणि क्लँग हा नमुना ओळखतात आणि यंत्र परवानगी देत असेल तर सगळ्या शिफ्ट गाळून एकच वाचन आणि लागलंच तर एक उलटवण्याची सूचना घालतात. एआरएममध्ये तिचं नाव 'रेव्ह'.

याउलट आळशी वाट सगळ्यांना माहीत आहे : येणाऱ्या बफरवर सरळ स्ट्रक्ट ठेवायचं, किंवा बाइटाच्या पत्त्याला ३२ बिटांचा पॉइंटर म्हणायचं. टेबलावर चालतं. मग कंपायलर स्ट्रक्टच्या मधे रिकामे बाइट भरतो आणि पुढचे सगळे आकडे एक घर सरकतात. किंवा कोड कॉर्टेक्स-एम३ वरून स्वस्तातल्या एम० वर जातो. चारने भाग न जाणाऱ्या पत्त्यावरून ३२ बिट उचलायला गेलात की एम० हार्ड फॉल्टमध्ये जाऊन बसतो. बिट-फील्डचं तर नावच नको. बिट कोणत्या टोकाकडून भरायचे हे सी भाषेच्या प्रमाणकानेच कंपायलरवर सोडलेलं आहे.

शिफ्टच्या वाटेवरही एक खड्डा आहे आणि त्यात मी स्वतः पडलेली आहे. सी भाषेत एक बाइट सरकवायला घेतला की तो आधी 'इंट' होतो. आठ बिटांच्या जुन्या आर्दुइनो उनोवर इंट १६ बिटांचा. २४ बिट सरकवायला गेलात की बाइट कड्यावरून खाली. आठ बिट सरकवला आणि बाइट हेक्समधल्या ८० एवढा किंवा त्याहून मोठा निघाला तर तो ऋण होतो, आणि ३२ बिटांत जोडताना वरचे सगळे बिट एक होऊन येतात. लहान आकडे नीट, मोठे वेडेवाकडे. पाण्याच्या टाकीच्या एका प्रयोगात टाकी अर्धी भरेपर्यंत माझं सगळं बरोबर होतं! उपाय सोपा : बाइटला आधी ३२ बिटांचा बिनचिन्ही करा, मग सरकवा.

एवढं करूनही कागद नीट वाचावा लागतो, कारण एकाच चिपच्या आत दोन रीती सुखाने नांदतात. बीएमपी२८० हा हवेचा दाब मोजणारा सेन्सर घ्या. दाबाचं वाचन तो थोरला बाइट आधी देतो. तेच वाचन सुधारायला लागणारे, कारखान्यात भरून ठेवलेले स्थिरांक मात्र धाकटा आधी. त्याचा भाऊ बीएमई२८० आर्द्रताही मोजतो, आणि तिथे दोन स्थिरांकांनी एक बाइट अर्धा-अर्धा वाटून घेतलेला आहे, वाड्यातल्या सामायिक विहिरीसारखा. मॉडबसही काही धुतल्या तांदळाचं नाही. त्यातलं प्रत्येक रजिस्टर थोरला आधी जातं, पण शेवटची सीआरसी धाकटा आधी. एकाच निरोपात.

आता परत भोसरीला. १९७९ साली मोडिकॉन कंपनीने मॉडबस आखलं ते १६ बिटांच्या रजिस्टरांसाठी. दशांश संख्येला ३२ बिट लागतात, म्हणजे दोन रजिस्टर. त्या दोघांत थोरला कोण, हे मॉडबस सांगतच नाही. ज्याने त्याने आपापलं ठरवलं. माझ्या मीटरने धाकटं रजिस्टर आधी ठरवलं होतं आणि त्याच्या माहितीपुस्तिकेत 'फ्लोट, दोन रजिस्टर' यापलीकडे अक्षर नव्हतं.

दशांश संख्येचे बाइट उलटले की नुसती चुकीची संख्या येत नाही, तमाशा होतो. २३०.२ चे चार बाइट हेक्समध्ये ४३ ६६ ३३ ३३. पुढच्या जोडीत चिन्ह, घातांक आणि संख्येचा मुख्य भाग. मागच्या जोडीत बारीक अपूर्णांक. मी शेपटाला डोकं समजत होते. ३३ ३३ ला डोकं धरलं की घातांक इतका लहान येतो की संख्या स्क्रीनवर ०.०० च दिसणार. २३०.३ चं शेपूट डोक्यावर घेतलं की दहा कोटी. २३०.४ चं शेपूट ६६ ६६. ते मी नंतर कागदावर करून पाहिलं तर २७ पुढे २२ शून्यं आली. एका दशांशाने शेपूट हलतं आणि संख्या आभाळाला भिडते किंवा मातीत जाते. नेमकं २३०.५ आलं तर ०.०० च्या मागे वजा चिन्ह लागतं. शून्याला वजा चिन्ह दिसलं की हल्ली मी तारेला हात न लावता आधी क्रम बघते.

खरी लाज पुढे आहे. हा डबा मी ऑफिसात पूर्ण तपासून नेला होता. मीटर हाती आलेलं नव्हतं, म्हणून लॅपटॉपवर खोटं मीटर लिहिलं. ते लिहिताना डब्याच्याच कोडातली फाइल उचलली. खोटं मीटर माझ्या क्रमाने पाठवत होतं, डबा माझ्याच क्रमाने वाचत होता, २३० गेले की २३० यायचे. स्वतः पेपर काढून स्वतःच तपासला, पैकीच्या पैकी. पाठवणं आणि वाचणं एकमेकांविरुद्ध तपासलं तर क्रमाची चूक दोन्हीकडे सारखी होते आणि फिटून जाते. तपासायचं ते बाहेरून आलेल्या, हाताने लिहिलेल्या बाइटांशी : हे चार बाइट दिले की हाच आकडा आला पाहिजे. आणि ते बाइटही नीट निवडायचे. शून्य उलटं केलं तरी शून्य. २५७ हेक्समध्ये ०१ ०१, तेही दोन्हीकडून सारखं. १२ ३४ ५६ ७८ घ्या, लपायला जागा राहत नाही. बिग-एंडियन बोर्ड नसला तरी क्यूईएमयू या आभासी यंत्रावर पॉवरपीसी किंवा मिप्ससाठी बांधून त्याच चाचण्या चालवता येतात. अर्ध्या दिवसाचं काम आहे.

त्या दिवशी मी पॅनेल रूममध्येच लॅपटॉप मांडीवर घेऊन दोन रजिस्टरांची अदलाबदल केली. चार अक्षरांचा बदल. मग असा क्रम प्रत्येक मीटरसाठी सेटिंगमध्ये निवडता येईल अशी सोय केली, त्याला मात्र संध्याकाळ झाली. निघताना एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहिलं : तारेवर ८० ०० ४३ ६६ = २३०.५ व्होल्ट. काकांनी इन्सुलेशन टेपने तो पॅनेलच्या दाराला आतून चिकटवला.

सहा महिन्यांनी दुसऱ्या कामासाठी तिकडे गेले. मधल्या काळात शेजारच्या पॅनेलमध्ये दुसऱ्या कंपनीचं मीटर बसलं होतं. माझ्या कागदाखाली बॉलपेनने एक ओळ वाढलेली होती : नवीन मीटर ४३ ६६ ८० ००, हे सरळ आहे.